एकाच घेवड्याचे तीन रिपोर्ट आणि तिन्ही वेगळे: चूक कुठे शोधायची

अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे बुरशीने दाण्यात सोडलेल्या विषाचा, पहिला रिपोर्ट आला ४ पीपीबी. गिऱ्हाईक खूश, आम्हीही खूश. दहा दिवसांनी माल त्यांच्या गोदामात उतरला. त्यांनी स्वतःचा नमुना काढून आपल्या नेहमीच्या प्रयोगशाळेत दिला, तर आकडा ३१. माल परत आणि जाण्यायेण्याचं भाडं आमच्या डोक्यावर. मी चिडून तिसरा नमुना काढला आणि तिसरीकडे दिला. तिथून उत्तर आलं, 'आढळले नाही'.

तीन टन वाघ्या घेवडा, म्हणजे आपला पट्टेरी राजमा. पन्नास किलोचे साठ कट्टे, एकाच थप्पीतले.

मी साताऱ्याकडे कडधान्य साफ करून, निवडून, प्रत लावून पुढे देण्याचं काम करतो. कोरेगाव भागातल्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्यामुळे दूरची गिऱ्हाइकं येतात आणि दूरच्या गिऱ्हाइकाला अफ्लाटॉक्सिनचा कागद लागतो. त्या वर्षी मी पहिल्या प्रयोगशाळेशी फोनवर भांडलो, गिऱ्हाइकाशी भांडलो, आणि जागच्या जागी तपासायच्या पट्ट्या विकणाऱ्यालाही चार शब्द सुनावले. पुढे कळलं की तिघांचंही बरोबर होतं. घोळ माझ्या हातातल्या अर्ध्या किलोच्या पिशवीत होता.

तेव्हापासून दर हंगामात कुणी ना कुणी हाच प्रश्न घेऊन येतं. म्हणून आकडा खटकला की मी कुठून बघायला सुरुवात करतो ते एकदा सविस्तर लिहून ठेवतो. शेंगदाणा, मका, मिरची यांचं काम करणाऱ्यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल. खरं तर त्यांनाच जास्त, कारण घेवडा त्या मानाने अफ्लाटॉक्सिनला कमी बळी पडतो. कमी म्हणजे अजिबात नाही असं मात्र नव्हे.

आकडे एकमेकांशी जुळत नाहीत: आधी नमुना

पीपीबी म्हणजे अब्जात एक भाग, किलोमागे एक मायक्रोग्रॅम. आपल्याकडे कडधान्याला एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम. आता माझ्या तीन टनांचा हिशेब करून बघा. सरासरी १० पीपीबी धरली तर अख्ख्या तीन टनांत मिळून विष होतं ३० मिलिग्रॅम. तांदळाच्या एक-दीड दाण्याच्या वजनाएवढं. साठ कट्ट्यांत.

आणि ते सगळीकडे सारखं पसरलेलं असतं तरी एक वेळ ठीक होतं. तसं ते नसतं. बुरशी काही मीठ नव्हे, की आमटीत टाकलं आणि ढवळलं. ती एका भिजलेल्या शेंगेत, एका फुटक्या दाण्यात, भुंग्याने पाडलेल्या एका भोकात वाढते. शेजारचा दाणा धडधाकट असतो. १९६६ साली अमेरिकेत शेंगदाण्याचे सुटे सुटे दाणे तपासले गेले, तेव्हा एकेका दाण्यात दहा लाख पीपीबीच्या वर अफ्लाटॉक्सिन सापडलं होतं. असा अर्धा ग्रॅमचा एक दाणा पन्नास किलोच्या कट्ट्यात पडला, बाकी सगळे दाणे अगदी निर्मळ असले, तरी कट्ट्याची सरासरी १० पीपीबी होते. तोच दाणा तुमच्या अर्ध्या किलोच्या पिशवीत आला तर रिपोर्ट येईल १०००. नाही आला तर 'आढळले नाही'. दोन्ही रिपोर्ट खरे.

हे कळलं त्या दिवशी मी भांडलेल्या तिघांनाही फोन केला.

आता शक्यता बघू. हिशेब सोपा जावा म्हणून दाणा अर्ध्या ग्रॅमचा धरू, म्हणजे अर्ध्या किलोत हजार दाणे. हजारात एक दाणा खराब असेल, तर अर्ध्या किलोच्या नमुन्यात तो एकही न येण्याची वेळ शंभरात सदतीस वेळा येते. पाच किलो घेतले तर ती जवळजवळ येतच नाही. पण खराब दाणा दहा हजारात एक असेल, तर अर्धा किलोवाला शंभरात नव्वद वेळा फसतो आणि पाच किलोवालाही सदतीस वेळा. वीस किलो घेतले तर ती वेळ शंभरात दोनपर्यंत उतरते. युरोपात शेंगदाण्याच्या मोठ्या लॉटमधून शंभर ठिकाणी हात घालून वीस किलोचा एकत्रित नमुना काढतात, ते उगाच नाही. थॉमस व्हिटेकर नावाच्या अमेरिकी संशोधकाने या एका विषयात जन्म घालवला. त्यांनी दाखवून दिलेलं सार असं, की आकड्यांतल्या फरकाचा मोठा वाटा नमुना काढण्यात असतो. दळण्यातला त्याहून कमी आणि यंत्रातला सगळ्यांत कमी. आपण पैसे मात्र उलट्या क्रमाने खर्च करतो: यंत्र महागातलं, आणि नमुना हमाल पोरगा थप्पीच्या पुढच्या दोन कट्ट्यांतून मूठभर काढून आणतो.

आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं. पहिला नमुना वरच्या थरातून, कारण शिडी लावायचा कंटाळा. गिऱ्हाइकाने काढला तो गाडी उतरताना, म्हणजे खालच्या-मधल्या कट्ट्यांतून. तिसरा पुन्हा मी, पुन्हा हाताला येईल तिथून.

आता करतो ते असं. लॉट लहान असेल, साठ-सत्तर कट्ट्यांचा, तर प्रत्येक कट्ट्यात पोकळ सळई खुपसतो. तीही तिरकी, कोपऱ्यापासून पोटापर्यंत, नुसती शिवणीजवळ नाही. प्रत्येक कट्ट्यातून शंभर ग्रॅमच्या आसपास. साठ कट्ट्यांचे सहा किलो होतात. सगळ्यांत बरं म्हणजे माल हलत असताना नमुना काढणं: चाळणीतून पडताना, कट्टे भरताना, दर काही मिनिटांनी धारेत आडवं भांडं धरायचं, धारेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. थप्पी रचून झाल्यावर नमुना काढणं म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका बघणं.

आणि निवडायचं नाही! हे मुद्दाम लिहितो, कारण आमच्या मापाडी अण्णांना मी हे करताना पकडलंय. नमुना काढला आणि सवयीने काळे दाणे, फुटके दाणे बाजूला फुंकून टाकले. "अण्णा, हे काय करताय?" तर म्हणाले, "अवो, साहेब लोकांना घाण माल पाठवायचा का?" त्यांचं मन चांगलं, पण रिपोर्ट गेला खड्ड्यात. विष असेल तर त्या फुंकलेल्यातच असतं.

पाच किलो आणले आणि तिथेच पाणी फिरलं

नमुना मोठा काढणारेही इथे अडखळतात. पाच किलो आणायचे, ढीग करायचा, चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, असं करत करत अर्ध्या किलोवर यायचं आणि तो अर्धा किलो दळायचा. गहू-ज्वारीतली ओल किंवा खडे बघायला ही रीत चालते. इथे नाही. अख्खे दाणे वाटून कमी केले की तुम्ही पुन्हा हजार दाण्यांवर आलात. पाच किलो काढण्याची मेहनत वाया.

आधी दळायचं, मग वाटायचं. पाचही किलो.

घरच्या मिक्सरमध्ये पाच किलो घेवडा होत नाही. भांडं तापतं, पातं बोथट होतं, मी करून बसलोय. आता मी दोन टप्प्यांत करतो. आधी सगळे पाच-सहा किलो भरड काढायचे, रव्यापेक्षा जाड चालेल. ती भरड ताडपत्रीवर तीन-चार वेळा नीट उलटसुलट करायची. त्यातून अर्धा किलो घेऊन तो बारीक दळायचा. तपासणीच्या पट्ट्या ज्यात येतात त्या किटच्या पत्रकात बहुतेक लिहिलेलं असतं, की पीठ २० मेशच्या (इंचात वीस भोकांच्या) चाळणीतून किमान तीन चतुर्थांश तरी गेलं पाहिजे. ती चाळणी फार महाग नसते, घेऊन ठेवा. जाड राहिलं तर विष दाण्याच्या कणातच अडकून राहतं, पीठ ज्यात हलवून पट्टीवर टाकतात त्या द्रावणात उतरत नाही आणि आकडा खोटा कमी येतो.

दळण्याची जागा हा आणखी एक खड्डा. एका शेतकरी गटाने मला फोन केला, 'आमच्या घेवड्यात दर वेळी पाच-सात पीपीबी येतंच, कुठल्याही शेतातला असो'. सगळं विचारून झालं, नमुना नीट, पट्टी नवी. शेवटी विचारलं, दळता कुठे? गावातल्या गिरणीत. गिरणीत दुसरं काय दळतात? मिरची-मसाला. मिरची हे अफ्लाटॉक्सिनचं माहेर आहे. मसाल्याला मर्यादाच किलोमागे ३० मायक्रोग्रॅम दिलेली आहे, कडधान्याच्या दुप्पट. जात्याच्या सांध्यात बसलेली कालची मिरची यांच्या घेवड्यात उतरत होती. नमुन्यासाठी वेगळं यंत्र ठेवा, आणि दोन नमुन्यांच्या मध्ये खात्रीच्या स्वच्छ घेवड्याचे दोन-तीन मुठी घाणे काढून फेकून द्या. सगळ्यांत संशयाचा नमुना शेवटी दळा.

एकाच पिठाचे आकडे जुळत नाहीत: पट्टी आणि द्रावण

पीठ एकच, नीट मिसळलेलं, आणि तरी पट्टी (ती छोट्या यंत्रात घालून आकडा वाचतात) एकदा ५ दाखवते, एकदा १४. आता दोष खरोखर तपासणीत आहे. इथे बऱ्याच बारीकसारीक गोष्टी असतात, पण दोन-तीनच गोष्टींत नव्वद टक्के भानगडी सापडतात, असा माझा अनुभव.

पहिली म्हणजे किती पीठ घेता. पाच ग्रॅम घेतलं तर भाग्यावर. नीट मिसळलेल्या पिठातही कण कमीजास्त असतात. पत्रकात परवानगी असेल तर पन्नास ग्रॅम घ्या आणि द्रावण त्याच प्रमाणात वाढवा. खर्च थोडा वाढतो, आकडा स्थिरावतो.

दुसरी, हलवणं आणि निथळणं. घेवड्याच्या पिठात पिठूळपणा भरपूर, वर फेस येतो. जोरात हलवलं की फेस, हळू हलवलं की तळाशी गोळा. मी बाटली आडवी धरून दोन-तीन मिनिटं सारख्या गतीने हलवतो आणि मग पूर्ण निवळू देतो. गढूळ द्रावण पट्टीवर टाकलं तर ते वर चढतच नाही. चढलं तरी लांबट, फिकट रेघ उमटते आणि वाचणारा गोंधळतो. कापडाने गाळू नका, किटसोबतचा गाळणकागद वापरा.

तिसरी, ऊब. पट्ट्या फ्रीजमध्ये असतात. बाहेर काढून लगेच पाकीट फोडलं, की आपल्या पावसाळी हवेत पट्टीवर दव धरतं. पाकीट बंद ठेवूनच अर्धा तास बाहेर राहू द्या. आणि वेळ घड्याळ लावून. पाच मिनिटांनी वाचायची पट्टी चहा पिऊन पंधरा मिनिटांनी वाचली तर ती दुसरीच गोष्ट सांगते.

रेघ उलटी वाचणाऱ्यांची संख्या बघून मला अजून आश्चर्य वाटतं. या पट्ट्यांमध्ये नमुन्यातलं विष आणि पट्टीवरची तपासणीची रेघ एकाच रंगासाठी झगडतात. विष नसेल तर तपासणीची रेघ ठसठशीत उमटते, विष जास्त असेल तर ती फिकी पडते किंवा नाहीशी होते. घरगुती गर्भचाचणीत दोन रेघा म्हणजे 'आहे'. इथे दोन रेघा म्हणजे 'नाही'. वरची नियंत्रण रेघ मात्र दोन्ही वेळी दिसलीच पाहिजे. ती नसेल तर पट्टी बाद, तिच्यावरून काहीच ठरवायचं नाही. एका ओळखीच्या व्यापाऱ्याने महिनाभर चांगला माल परत पाठवला आणि वाईट घेतला, केवळ या एका कारणाने. मी हसलो नाही, कारण माझ्याही पहिल्या दोन पट्ट्या तशाच गेल्या होत्या.

जिथे मिथेनॉल वापरतात तिथे सांभाळा. ते दारू नव्हे, पोटात गेलं तर डोळे जातात, आणि ज्योतीजवळ पेट घेतं. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहून कुलपात ठेवा. दळताना आणि पीठ हाताळताना मास्क आणि हातमोजे हवेतच. बुरशीची धूळ फुप्फुसात घ्यायची गरज नाही.

निवडक, स्वच्छ घेवडाही पट्टीवर 'थोडं आहे' दाखवतो

हे कोडं घेवड्यालाच जास्त पडतं. बाजारातली बहुतेक किट मका आणि शेंगदाण्यावर पारखून बनवलेली असतात. घेवडा पट्टेरी, त्याच्या सालीचा रंग द्रावणात उतरतो. सालीतली तुरट द्रव्यं पट्टीवरच्या प्रथिनांना चिकटतात. परिणाम असा, की विष नसतानाही रेघ फिकी येते आणि यंत्र ती फिकी रेघ विष म्हणून मोजतं.

ओळखायचं कसं? एक किलो नवा, कोरडा, एकेक दाणा हाताने निवडलेला घेवडा घ्या, ज्याचा प्रयोगशाळेतला रिपोर्ट 'आढळले नाही' आहे. तो तुमचा कोरा नमुना. त्याची पट्टी लावा. शून्याच्या आसपास आला तर किट घेवड्याला चालतं. कोऱ्यालाच ६ किंवा ८ येत असेल, तर तो आकडा सालीचा आहे. मग कोऱ्याचा आकडा वजा करून काम भागवायचा मोह होतो. तो टाळा. वजाबाकी प्रत्येक वाणाला, प्रत्येक शेताला सारखी बसत नाही. किट बनवणाऱ्याला सरळ विचारा, 'राजम्यासाठी तुमची वेगळी पद्धत आहे का, द्रावण किती पातळ करायचं?' काही जण ती देतात. काही जण गप्प बसतात, आणि ते गप्प बसणं हेच उत्तर समजायचं. तोवर पट्टी ही चाळणी म्हणून वापरायची: संशय आला तर प्रयोगशाळा.

उलटी परीक्षाही करून बघावी. प्रयोगशाळेकडून ज्ञात प्रमाणात विष असलेलं पीठ मिळतं, त्याची पट्टी लावून आकडा जवळपास येतो का ते बघायचं. हंगामाच्या सुरुवातीला एकदा आणि किटची नवी पेटी उघडली की एकदा. स्वतः विष आणून मिसळायच्या भानगडीत पडू नका. ते काम शिकलेल्या माणसाचं, बंद कपाटात करायचं.

निळ्या दिव्याच्या टॉर्चबद्दलही लोक विचारतात. अंधारात अतिनील दिव्याखाली मक्याचे बुरशी लागलेले फुटके दाणे हिरवट-पिवळे चमकतात, हे खरं. पण ती चमक बुरशीने तयार केलेल्या दुसऱ्याच एका आम्लामुळे येते, अफ्लाटॉक्सिनमुळे नाही. मक्यात तिचा इशारा म्हणून उपयोग होतो. घेवड्याच्या सालीवर, फोडलेल्या डाळीवर काय काय चमकेल याचा भरवसा नाही. टॉर्च भावाच्या पोराला देऊन टाका, नोटा बघेल.

माझी पट्टी आणि प्रयोगशाळा जुळत नाहीत

इथे आधी एकच करायचं. बारीक दळलेलं, मिसळलेलं एकच पीठ तीन पिशव्यांत भरा. एक आपल्याकडे सीलबंद, एक या प्रयोगशाळेला, एक त्या. अख्खे दाणे पाठवून दोन प्रयोगशाळांची तुलना करणं म्हणजे दोन वेगळ्या आंब्यांची गोडी ताडणं. एकाच पिठाचे ७ आणि ९ आले तर त्यात भांडण्यासारखं काही नाही, अब्जातल्या भागांत मोजताना एवढा फरक पडतो. ७ आणि ४० आले तर जरूर बोला.

मग रिपोर्ट नीट वाचा. आकडा अफ्लाटॉक्सिनच्या फक्त बी१ या प्रकाराचा आहे की बी१, बी२, जी१, जी२ हे चारही प्रकार मिळून एकूण? मालाचं नाव त्यांच्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) मान्यतेच्या यादीत आहे का, का ते फक्त शेंगदाण्यासाठी मान्य आहेत? मोजता येणारी सर्वांत कमी पातळी किती लिहिली आहे? 'आढळले नाही' याचा अर्थ शून्य नव्हे, त्या पातळीच्या खाली एवढाच. आणि खाली बारीक अक्षरात एक वाक्य असतं: हा निष्कर्ष फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता. वर्षानुवर्षं ते वाक्य मी कायद्याची पळवाट समजत होतो. तेच रिपोर्टमधलं सर्वांत प्रामाणिक वाक्य आहे.

बी आणि जी ही अक्षरं, जाता जाता, रंगांची आहेत. अतिनील प्रकाशात शुद्ध विष निळं आणि हिरवं चमकतं, त्यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले, ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत कारण सापडलं, आणि तिथून हा सगळा शोध लागला. आपल्याकडची आठवण जास्त जवळची आणि जास्त कडू: १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या बांसवाडा आणि पंचमहाल भागात पावसात भिजलेला मका खाऊन शंभराहून जास्त माणसं गेली. बहुतेक आदिवासी, ज्यांना तो टाकून दुसरं काही खाण्याची सोय नव्हती.

मग त्या साठ कट्ट्यांचं काय झालं

कट्टे दहा-दहाचे सहा गट केले. प्रत्येक कट्ट्यातून अर्धा किलो, प्रत्येक गटाचे पाच किलो, सगळे दळले. तीस किलो घेवड्याची भुकटी झाली, पण ती परत आलेल्या गाडीच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडली. पाच गट ३ च्या खाली. सहावा ६० च्या आसपास. म्हणजे अख्ख्या लॉटची सरासरी साधारण १२, मर्यादेच्या आत. गिऱ्हाइकाच्या वाट्याला ३१ आला तो त्या सहाव्या गटाचे कट्टे त्याच्या नमुन्यात जास्त आल्यामुळे. मला ४ आला तो कमी आल्यामुळे.

सहाव्या गटातले दहा कट्टे वेगवेगळे तपासले, दोन निघाले. दोन्ही एकाच शेतकऱ्याचे. त्यांच्याकडे गेलो तर त्यांनी काही लपवलं नाही. घेवडा उपटून शेतात पसरला होता, उत्तरा नक्षत्राचा पाऊस आला, घाईघाईने ढीग करून वर ताडपत्री टाकली. चार दिवस. ताडपत्रीखाली ढीग आतून गरम लागत होता, हे त्यांनाही आठवत होतं. मग ऊन पडलं, मळणी झाली, दाणा वरून सुकला, चकचकीत दिसला, ओलावा मोजला तेव्हा ११ टक्के. माझ्या काट्यावर तो पास झाला. ओलावा मोजणारं यंत्र आजची ओल सांगतं, गेल्या महिन्यातली नाही. दाणा वाळला की बुरशीची वाढ थांबते, विष मागे राहतं.

कट्टे सरासरीत मिसळून खपवायचे का, हा प्रश्न घरातच निघाला. आकड्यांच्या हिशेबाने लॉट १५ च्या आतच होता. मी नाही केलं, कारण गिऱ्हाइकाच्या घरी सरासरी शिजत नाही, एक वाटी शिजते.

दोन्ही कट्ट्यांतले सुरकुतलेले, डागी, भुंगा लागलेले, हलके दाणे सुपाने आणि हाताने काढून पाहिले, वजनाला दहावा हिस्साही नव्हता. उरलेल्याचा आकडा खूप खाली आला, पण १५ च्या खाली भरवशाने येईना. शेंगदाण्यात रंग ओळखणारं सॉर्टेक्स यंत्र हे काम झकास करतं, सोललेला डागी दाणा वेगळा दिसतो. पट्टेरी घेवड्यावर डाग कुठला आणि पट्टा कुठला हे यंत्रालाही कळत नाही. शेवटी दोन्ही कट्टे खड्ड्यात गेले. जनावरांना घालायचे नाहीत, हे तेव्हा मापाडी अण्णांना पटवायला वेळ लागला. गाईच्या पोटात गेलेलं बी१ तिच्या दुधात एम१ होऊन उतरतं, सगळं नाही, शंभरात एक-दोन भाग, पण दुधाची मर्यादाच किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे.

दर वर्षी त्याच आठवड्यात आकडा चढतो

तपासणी कितीही सुधारली तरी हा प्रश्न राहतो, आणि त्याचं उत्तर शेतात आहे. खरीप घेवडा भाद्रपदाच्या आसपास हाताशी येतो, नेमका परतीच्या पावसात. आता मी खरेदीच्या वहीत प्रत्येक शेतकऱ्याच्या नावापुढे दोनच गोष्टी लिहितो: कापणीनंतर पाऊस लागला का, आणि ढीग किती दिवस झाकून होता. उत्तर 'हो' आणि 'दोन दिवसांपेक्षा जास्त' असेल तर तो माल वेगळ्या थप्पीला, वेगळी तपासणी. भाव कमी करत नाही. केला तर पुढच्या वर्षी कुणी खरं सांगणार नाही.

ओलावा १२ टक्क्यांच्या वर असेल तर थप्पीला लावत नाही. यंत्र नसेल त्यांच्यासाठी जुनी युक्ती: कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर घेवडा आणि चमचाभर अगदी कोरडं मीठ, बूच लावून काही मिनिटं हलवायचं. मीठ काचेला चिकटलं तर दाण्यात साधारण १५ टक्क्यांच्या वर ओल आहे, पुन्हा उन्हात. दाताखाली 'कट' वाजतो का, हेही बघतात, पण नमुन्याचे दाणे तोंडात घालायची सवय मी मोडून टाकली आहे.

थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. आमच्या गोदामाच्या पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते, तिथे आता रिकामे बारदान असतात. भुंग्याकडेही याच नजरेने बघा. तो दाणा तर पोखरतोच, पण त्याच्या श्वासाने कट्ट्याच्या पोटात ऊब आणि ओल वाढते आणि मागून बुरशी येते. हवाबंद पिशव्या दोन्हींवर चालतात, पण त्यात भरताना माल कोरडाच हवा. ओला भरला तर आपणच त्याला कोंडून मुरवलं.

घरच्या डब्यातल्या किलोभर राजम्याचं काय, असं विचारणाऱ्यांना थोडक्यात: घरी हे विष कुठल्याही युक्तीने ओळखता येत नाही, आणि कुकरच्या शिट्ट्यांनी ते जातं असं समजू नका. कुबट वास आला, दाण्यांवर हिरवट-पिवळी पूड दिसली, तर अख्खा डबा टाकायचा. वरचे दाणे निवडून उरलेला शिजवायचा नाही, पक्ष्यांना घालायचा नाही.

परवा एक नवा पोरगा माझ्याकडे कामाला लागला. थप्पीसमोर उभा राहून पहिल्या कट्ट्यात सळई घालायला गेला. मी काही बोलायच्या आत मापाडी अण्णाच म्हणाले, "आरं, तितनं न्हाई. आदी शिडी आन."